सुजाता भुकेली होती

फोन आला तेव्हा मी वाटाणे शिकवत होतो. गुलबर्ग्याच्या ज्या कॉलेजात मी अठरा वर्षं जीवशास्त्र शिकवतो, तिथल्या बारावीच्या वर्गात फळ्यावर उंच रोप आणि बुटकं रोप काढून झालं होतं. दिसायला धडधाकट असलेल्या आईबापात लपलेला गुण पोरात कसा उघडा पडतो, हे मी दरवर्षीच्या त्याच विनोदासकट सांगत होतो. खिशातला फोन थरथरला. भालकीच्या घराशेजारच्या बाईंचा नंबर होता. शेजारची माणसं सकाळी अकरा वाजता खुशाली विचारायला फोन करत नाहीत, एवढं मला कळतं. "सर, सुजाताक्काचा श्वास बंद पडलाय... तुमी निघा." वर्गाला काय सांगितलं ते आठवत नाही. फळा मात्र पुसून निघालो, ते आठवतं.

सुजाता माझी धाकटी बहीण. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान, वय पस्तीस. हुमनाबादमार्गे भालकीला पोचेपर्यंत तीन वाजले. अंगणात बाया जमल्या होत्या, आणि मी चपला काढत असतानाच एकीचं बोलणं कानावर आलं. "खाऊन खाऊनच गेली बघा बिचारी. तोंडाला आवर म्हणून न्हवताच." ती बाई वाईट नव्हती, डोळे पुसतच बोलत होती. लागलं ते त्याच्या पुढचं. माझी माय पोरीच्या उशाशी बसली होती, तिनंही मान हलवली आणि म्हणाली, "किती सांगितलं, ऐकली न्हाई गं."

गुलबर्ग्याला माझ्या कपाटात चार वर्षांपासून एक कागद पडून होता. सुजाता खादाड नाही, तिच्या तोंडाचा यात काही दोष नाही, असं त्यात तपासणीच्या भाषेत लिहिलेलं होतं. त्या अंगणात हे माहीत असलेला माणूस मी एकटाच. सुजाताचं माझ्याकडं आयुष्यात एकच मागणं होतं, की हे मायला सांग. मी सांगितलं नव्हतं, आणि त्या दिवशीही तोंड न उघडता तिला न्यायच्या टेम्पोची चौकशी करत राहिलो. आज दोन महिने उलटून गेल्यावर लिहायला बसलोय, ते काही नुसते तिचे गुण गायला नाही.

आमचे वडील, अप्पा, म्हणजे मायचे सख्खे मामा, सगळ्यांत धाकटे. आमच्या भागात याचं कुणाला नवल वाटत नाही. भाचीवर मामाचा हक्क, घरातली पोर घरातच राहिलेली बरी, परक्या घरी तिला कोण जपणार, असं सगळेच मानतात. आमच्याकडं धर्म बदलला, देव्हारा गेला, भिंतीवर बुद्धाचा फोटो आला, पण ही सोयरीक जिथल्या तिथं राहिली. माय लहानपणी अप्पांना "मामा" म्हणायची. लग्न झाल्यावर मामा म्हणता येईना आणि दुसरं काही जिभेवर येईना, म्हणून तिनं त्यांना उभ्या जन्मात हाकच मारली नाही. काही सांगायचं असलं की भांडं वाजवायची. अप्पा साखर कारखान्यात होते. दिवसभर यंत्रांच्या गोंगाटात राहणारा तो माणूस घरी आला की भांड्याच्या आवाजावरून निरोप ओळखायचा. सुखाचा संसार होता तो, हे आधीच सांगून ठेवतो.

सुजाता जन्मली तेव्हा चारचौघांच्या लेकरांसारखीच होती. नाव अप्पांनी ठेवलं... उपाशी तपस्व्याला, पुढं बुद्ध झालेल्याला, जिनं खीर दिली, तिचं. चार महिन्यांत तिचं रडणं थांबेनासं झालं. मायचं दूध पुरेना, मग शेळीचं, मग म्हशीचं, आणि तेही संपलं की रिकामी वाटी चाटत रडायची. वर्षाची झाली तेव्हा गल्लीतल्या बाया तिला कौतुकानं कडेवर घ्यायच्या, "बाळसं बघा कसं धरलंय" म्हणायच्या. तिसऱ्या वर्षी कौतुक संपलं. मिळेल ते खायची. कच्ची तूरडाळ, परातीतलं कालवलेलं पीठ, एकदा तर म्हशीपुढची पेंड. मी तेव्हा अकरा वर्षांचा. त्या पेंडीवरून मी तिला 'पेंड, पेंड' म्हणून इतकं चिडवलं की गल्लीतल्या पोरांनी ते नाव उचललं, आणि पुढं ते तिच्यासोबत शाळेतही गेलं. सातवीत तिनं दप्तर कोपऱ्यात टाकलं आणि पुन्हा उचललं नाही. मास्तर मारतात म्हणून तिनं शाळा सोडली, असं मी कॉलेजातल्या मित्रांना सांगायचो. नाव ठेवणारा मी होतो.

डॉक्टर झाले, वैद्य झाले, बसवकल्याणचे एक हकीमसाहेब झाले. सगळ्यांचं एकच, खाणं कमी करा. मायनं ते मनावर घेतलं. भाकरीचा डबा, शेंगा, गूळ, सगळं कपाटात गेलं, कपाटाला कुलूप लागलं आणि किल्ली मायच्या गळ्यातल्या दोऱ्यात आली. तिला काही हौस नव्हती. पोरीसमोर घास गिळवत नाही म्हणून ती स्वतः न्हाणीघराच्या आडोशाला उभ्यानं जेवायची. "माय, भूक लागलीय." "आत्ता तर जेवलीस की गं." हे बोलणं आमच्या घरात दिवसातून इतक्यांदा व्हायचं की घड्याळाच्या टिकटिकीकडं लक्ष जात नाही तसं आमचं त्याकडं लक्ष जाईनासं झालं.

येळवस हा आमच्याकडचा मोठा सण. थंडीतल्या त्या अमावास्येला गाव ओस पडतं, माणसं शेतात जाऊन भज्जी, उंडे, आंबील असं पोटभर जेवतात आणि वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून पंगतीला बसवतात. त्या दिवशी कुणाला उपाशी जाऊ द्यायचं नसतं. पूजा आम्ही सोडली, येळवशीचं जेवण सोडलं नाही. सुजाता दहा वर्षांची असताना त्या दिवशी आमच्या शेतातनं निसटली आणि बांधाबांधानं पुढं जात राहिली. ज्यानं त्यानं बोलावलं, वाढलं, आणि ती खात गेली. शोधत शोधत अप्पा पोचले तेव्हा एका शेतात तिच्याभोवती घोळका जमला होता. अजून एक उंडा जातो का, अजून एक वाटी जाते का, म्हणून मोठी माणसं हसत होती आणि पोरगी खाली मान घालून खात होती. अप्पांनी तिला मारलं नाही. तिचा हात धरून घरी आणलं.

पुढच्या येळवशीला तिला घरीच ठेवायचं ठरलं. मी सुट्टीला आलो होतो, एकोणीस वर्षांचा, चार पुस्तकं वाचलेला. बाहेरून कडी घालायचं काम माझ्याकडं आलं. खिडकीच्या गजाला धरून ती म्हणाली, "अण्णा, आज तर वाटसरूला बी जेवू घालतेत." मी म्हणालो, "तू वाटसरू न्हाईस." मला ते उत्तर फार हुशारीचं वाटलं. शेतात जाऊन मी ते सगळ्यांना सांगितलंही. माय तेवढी हसली नाही. तरी लिहितो, कारण माणसाला आपण किती नीच होतो हे कागदावर बघायची सवय असावी.

हे वाचून कुणाला वाटेल, पोरगी नुसती रडत बसली असेल. तसलं काही नाही. पंधराव्या वर्षी तिनं शिवणाचं यंत्र धरलं आणि पुढच्या खोलीत बायकांची झंपरं शिवायला लागली. हात असा साफ, की भालकीत नव्या नवरीचं काही शिवायचं म्हटलं की सुजाताक्का. जीभही तशीच. एकदा एक वहिनी शिवलेलं घट्ट होतंय म्हणून वाद घालत बसल्या, तर ही म्हणाली, "वहिनी, कापड वाढवून देते, बसा. अंग कमी करायचं दुकान म्या टाकलं न्हाई." गावातल्या निम्म्या बायकांची मापं तिच्या वहीत होती, आणि एकीचं माप दुसरीला कधी कळलं नाही. तिला पाळी आली नाही. तेही लठ्ठपणावर गेलं. लग्नाची गोष्ट आमच्या घरात निघाली नाही, आणि ती का निघत नाही हेही कुणी बोललं नाही.

ती तीस-एकतीसची असताना तापानं पडली, छातीत कफ भरला. औषधाचं प्रमाण ठरवायला वजन हवं होतं आणि दवाखान्याच्या काट्यावर तिचं वजन होत नव्हतं. डॉक्टरांनी सुचवलं म्हणून मी तिला रिक्षातनं बाजारात आडतीवर नेलं, जिथं तुरीची पोती तोलतात. तुरीचा हंगाम होता, शेतकरी, दलाल, हमाल, सगळे तिथंच. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. तिला काय झालं असेल ते मी विचारलं नाही. मौलाली म्हणून एक वयस्कर हमाल होता, त्यानं एका नजरेत ओळखलं. "मुंडी उधर फिरावो रे सब," असं त्यानं नुसतं म्हटलं, आणि काट्याच्या पत्र्यावर स्वच्छ पोतं अंथरून, "बैठो अक्का," म्हणाला. आकडा त्यानं माझ्या कानात येऊन सांगितला. परतताना रिक्षात सुजाता म्हणाली, "अण्णा, त्या माणसानं आकडा मोठ्यानं वाचला न्हाई." एवढंच.

त्याच दुखण्यात मी तिला गुलबर्ग्याला आणलं. तिथं एक तरुण डॉक्टरीण भेटली, जिनं आम्हाला तीस वर्षांत कुणी न विचारलेले दोन प्रश्न विचारले. पहिला सुजाताला: "तुम्हाला जेवल्यावर कसं वाटतं?" दुसरा मला: "आईवडील नात्यातले आहेत का?" रक्त हैदराबादला गेलं, दोन महिन्यांनी कागद आला. आपल्या अंगातल्या चरबीतून एक हार्मोन रक्तात उतरतं आणि मेंदूला सांगतं, की साठा आहे, आता पुरे. तो निरोप घ्यायला मेंदूत एक जागा असते, तिला रिसेप्टर म्हणतात. ती जागा ज्या जनुकामुळं तयार होते, त्याच्या दोन्ही प्रती सुजातात बिघडलेल्या होत्या. निरोप रोज यायचा, घेणारं कुणी नव्हतं. अंगावर एवढा साठा असूनही तिचा मेंदू जन्मल्यापासून दुष्काळात बसला होता. परदेशात यावर एक इंजेक्शन निघालंय, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि ते आपल्यापर्यंत पोचायला वेळ लागेल, हेही त्यांनी प्रामाणिकपणानं सांगितलं.

दवाखान्याच्या बाकावर बसून हे मी सुजाताला समजावून सांगितलं, वर्गात सांगतो तसं, फाईलच्या पाठीवर चित्र काढून. ती चित्राकडं बघत राहिली. "म्हंजी माझं मन कच्चं न्हाई."

"न्हाई."

"मंग मायला सांग. आज घरी गेल्या गेल्या सांग. तूच सांग, तू सर हाईस, तुझं तिला खरं वाटंल."

तेव्हा मी तिला चित्राचा वरचा भाग दाखवला. एक प्रत अप्पांकडून, एक मायकडून. दोघं एकाच घरातले, म्हणून तोच बिघाड दोन्ही बाजूंनी आला. मायला हे सांगायचं म्हणजे तुझ्या लग्नातनंच पोरीचं हे झालं, असं सांगायचं. अप्पांना जाऊन दोन वर्षं झाली होती. मी म्हणालो, "या वयात तिला हे सोसायचं न्हाई, सुजी." सुजाता लांब व्हरांड्याकडं बघत बसली. मग म्हणाली, "मंग मी खादाडच ऱ्हाते म्हण की."

"थोडे दिवस," मी म्हणालो. त्या थोड्या दिवसांची चार वर्षं झाली. पहिल्या वर्षी ती दर फोनला विचारायची, "अण्णा, सांगितलंस का?" मी म्हणायचो, पुढच्या सुट्टीत. सुट्ट्या येत होत्या, जात होत्या. वर्गात मी नात्यातल्या लग्नांवर पोरांना झोडपून काढत होतो आणि घरी गेलो की मायच्या हातची भाकरी खाऊन परत येत होतो. लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात, ते माझ्यासारख्यांसाठीच. शेवटच्या वर्षी सुजातानं विचारणं सोडून दिलं. मला वाटलं, तिनं समजून घेतलं. आता वाटतं, तिनं माझा नाद सोडला.

पडलं की दम कोंडायचा म्हणून ती शेवटची काही वर्षं खुर्चीत बसूनच झोपायची. तशीच ती गेली. दोन दिवस पुन्हा ताप होता, आणि सकाळी माय चहा घेऊन गेली तर मान कलली होती. तिला घराबाहेर काढायचं कसं, या विचारानं मी आतबाहेर करत होतो, तेवढ्यात मौलाली आठ हमाल घेऊन आला. त्याला कुणी निरोप धाडला नव्हता. "सर, तुमे जरा बाजू हो जाव. उठाना हमारा रोज का काम है," तो म्हणाला. "लेकिन अक्का को पोते के जैसा नै उठाएंगे." दाराचं एक कवाड उतरवून त्यांनी तिला इतकं सावकाश बाहेर आणलं, की अंगावरची पांढरी चादर हलली नाही. गेलेल्या माणसासाठी आमच्यात पुण्यानुमोदन असतं, त्या दिवशी विहारातले भन्तेजी म्हणाले, भावानं दोन शब्द बोलावेत. मी उभा राहिलो आणि "कष्टाळू होती" म्हणून बसलो. लोक जेवून गेले.

त्यानंतर दोन आठवड्यांनी मी भालकीला गेलो, तेव्हा माय सुजाताच्या खोलीत जमिनीवर बसली होती. पुढ्यात शिवून झालेल्या, कुणी न नेलेल्या झंपरांची चळत होती, प्रत्येकाला नावाची चिठ्ठी टाचलेली. दुपारची वेळ. एक झंपर उलटं करून आतली शिवण बघत माय म्हणाली, "हात किती साफ हुता पोरीचा. तोंडाचंच तेवढं..."

मी तिला पुढं बोलू दिलं नाही. सगळं सांगितलं. वर्गात सांगतो तसा क्रम नव्हता, चित्र नव्हतं, मधेच मी रडलो, मधेच तिच्यावरच ओरडलो. जनुक, मेंदू, हैदराबादचा कागद, आणि शेवटी तिचं लग्न, तिचे मामा. आणि चार वर्षं दडवून ठेवलं ते. मग मी ती कोसळायची वाट बघत बसलो.

मायनं झंपराची घडी घातली.

"म्हंजी ती म्हणायची तवा तिला खरंच भूक लागलेली असायची?"

"व्हय, माय."

"जेवल्यावर बी?"

"जेवल्यावर बी. चार दिवसाच्या उपाशी माणसाला लागती तशी."

तिनं लग्नाबद्दल, रक्ताबद्दल, मामांबद्दल एक शब्द विचारला नाही. ज्या गोष्टीला मी चार वर्षं भ्यालो ती तिला लागलीच नाही, आणि जी लागली ती माझ्या ध्यानीमनी नव्हती. मग तिनं गळ्यातल्या किल्लीच्या दोऱ्याला हात लावला आणि तो तसाच धरून बसली. मी मायला वाचवत होतो, असं मी आजवर स्वतःला सांगत आलो होतो. त्यापायी सुजाता तेवढी एकटी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मायनं पांढरं लुगडं नेसलं, झंपरं पिशवीत भरली आणि म्हणाली, "चल." पहिलं घर मागच्या गल्लीतलं. बाई दारात आल्या, "मीच येणार हुते की" म्हणाल्या. मायनं चिठ्ठी वाचून घेतली, झंपर त्यांच्या हातात दिलं, आणि जाते म्हणायच्या ऐवजी तिथंच उभी राहिली.

"एक सांगायचं हाय. पोट भरलेलं आमच्या सुजीच्या डोक्याला कळत न्हवतं. जन्मतःच तसं हुतं. माझ्याकडनं अन् तिच्या अप्पाकडनं, दोघांकडनं आलं ते. मामाशी लग्न झालतं माझं. पोरगी खादाड न्हवती. भुकेली हुती."

त्या बाई आत या, पाणी तरी घ्या, म्हणाल्या. माय म्हणाली, "न्हाई, अजून लई घरं हाईत."

प्रत्येक दारात ती तेच बोलली. मामाचं वाक्य कुठंतरी गाळेल असं मला वाटत होतं. तिनं एकदाही गाळलं नाही. सगळी घरं काही त्या दिवशी झाली नाहीत. दर रविवारी मी जातो, पिशवी धरून तिच्या मागं उभा राहतो, बोलते ती. अजून सहा झंपरं उरलीत. त्यातलं एक उदगीरला दिलेल्या मुलीचं आहे, तर माय म्हणतेय, उदगीरला बस कितीला हाय ते बघून ठेव.